परदेशी विमानाचं तिकीट: खरंच महागलंय की आपल्यालाच वाटतं?

उंटावरचा_शहाणा | गुरुवार, ८ जानेवारी २०२६, रात्री ९:१४

मे महिन्यात लेकीच्या पदवीदानासाठी न्यू जर्सीला जायचंय. रोज रात्री जेवणं झाली की मी मुंबई-न्यूअर्कचे दर बघतो आणि रोज बायको म्हणते, "काय लूट चाललीये!" शेवटी वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावरून काढल्या. वडील बँकेत होते, त्यामुळे रद्दीच्या पैशांचीही नोंद सापडते. १९९३ च्या वहीत थोरल्या भावाच्या अमेरिकेच्या तिकिटाचे बत्तीस हजार आणि वर काही रुपये लिहिलेत. कॅम्पातल्या एजंटाला दोन हप्त्यांत दिलेले.

तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे झाले हजारेक डॉलर. आज मला त्याच प्रवासाला लाख-सव्वा लाख दाखवतंय आणि डॉलर नव्वदीला टेकलाय. म्हणजे बाराशे-तेराशे डॉलर. मधल्या तेहेतीस वर्षांत खुद्द अमेरिकेतली महागाई दुपटीच्या पुढे गेली. मग महागलं कुठे?

पगाराने मोजा. भावाला भोसरीच्या कारखान्यात पहिला पगार तीन हजार होता. तिकीट म्हणजे दहा-अकरा महिन्यांची कमाई. आज नव्या इंजिनियरला तीस-पस्तीस हजार धरले तर साडेतीन महिने.

माझं म्हणणं एवढंच, की तिकीट महागलेलं नाही. आपला रुपया पडला, आणि तिकिटात जे फुकट यायचं त्याचे आता वेगळे पैसे लागतात. पुण्याच्या माणसाला तर विमानात बसायच्या आधीच भुर्दंड. तुमच्याकडचे जुने आकडे असतील तर टाका. भावना नकोत, आकडे हवेत.

चकलीवाला | रात्री ९:२०

रुमाल टाकून ठेवतो.

तिरसट_काका | रात्री १०:०२

आकडे हवेत म्हणता, घ्या आकडा. आठ.

१९७२ साली मी शिकायला अमेरिकेला गेलो तेव्हा सरकार एवढेच डॉलर बरोबर नेऊ द्यायचं. त्याआधी पी फॉर्मसाठी, म्हणजे परदेशी जायच्या परवानगीसाठी, रिझर्व्ह बँकेच्या खेपा. तिकिटासाठी मामांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, आणि ती रक्कम वडिलांच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त होती. खिशात आठ डॉलर घेऊन न्यूयॉर्कला उतरलेला माणूस "विमानातलं सँडविच महाग झालंय" असं रडत नाही, हे आधी नमूद करतो.

निरोपाला वीस-पंचवीस माणसं, झाडून सगळी सांताक्रूझला आलेली. हार, नारळ, आत्याचं रडणं. माझ्या गळ्यात तीन हार होते आणि ते कुठे ठेवायचे हे कोणी सांगितलं नव्हतं. एअर इंडियाचं जंबो तेव्हा वर्षभरापूर्वीच आलं होतं. लंडनला थांबून पुढे न्यूयॉर्क. जेवायला धातूचे काटे-चमचे, महाराजाचं चित्र असलेलं छापील मेनूकार्ड (ते अजून आहे माझ्याकडे). सिनेमा भिंतीवरच्या एकाच पडद्यावर दाखवत. ऐकायला डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या पोकळ नळ्या देत, त्या खुर्चीच्या हातात खुपसायच्या. तारा वगैरे काही नाही, नळीतून नुसता आवाज यायचा.

आता ज्यांना "काय ते दिवस!" म्हणायची हौस आहे त्यांच्यासाठी: माझी जागा सिगारेटवाल्यांच्या रांगेच्या बरोबर पुढे होती. पडदा नाही, भिंत नाही. उतरलो तेव्हा माझ्या एकुलत्या एका कोटाला असा वास होता की रूममेटने पहिला प्रश्न तोच विचारला.

पेठकरीण | रात्री १०:३१

काका, __/\__

शहाणे, तुम्ही १९९३ वर थांबलात, मी आणखी मागे जाते. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं, 'मलबार प्रिन्सेस'. तिकीट एका बाजूचं १,७२० रुपये. सोनं तेव्हा तोळ्याला शंभराच्या आसपास. म्हणजे सतरा तोळे. आजच्या भावाने वीस लाखांच्या वर जातं हे!

टेस्टर_बाणेर | रात्री १०:४४

ताई, सोन्याने मोजायचं तर आज सगळंच स्वस्त आहे, कोथरूडचा फ्लॅटसुद्धा. सोनंच उडालंय त्याला तिकीट काय करणार?

आणि शहाणे, तुम्ही १९९३ हून थेट २०२६ ला उडी मारलीत, मधली वर्षं गिळून. मी २०११ ला हिंजवडीत लागलो तेव्हा फ्रेशरला वर्षाला सव्वातीन लाख मिळायचे. आज माझ्या टीममध्ये येणाऱ्या पोराला किती? साडेतीन. फार तर चार. २०१६ ला आईबाबांना सान फ्रान्सिस्कोला बोलावलं, आखातात एक थांबा, जाऊन-येऊन माणशी साठ हजारांच्या आत. कच्चं तेल तेव्हा तीस डॉलरच्या खाली जाऊन आलं होतं, आखाती कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, आणि डॉलर सदुसष्ट. तोच प्रवास आज लाखाच्या वर. पगार जागच्या जागी, तिकीट दुप्पट.

१९९३ ते २०१९ तिकीट स्वस्त होत गेलं, मान्य. कोरोनानंतर ते पुन्हा वर चढलं. तुमची दोन टोकं खरी, पण मधला उतार-चढ लपतो. बायको म्हणते ते खरं आहे. :)

उंटावरचा_शहाणा | रात्री ११:०५

बायकोला हा प्रतिसाद दाखवणार नाही.

पण २०१६ हा मापदंड कसा धरता? तेल पडलेलं, कंपन्या बाजार पकडायला तोट्यात विकत होत्या. त्यातल्या काही आज कुठे आहेत? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बसली. आपण काही वर्षं दुसऱ्याच्या तोट्यावर फिरलो, तो भाव कायमचा समजायचं कारण नाही.

लोहगावकर | शुक्रवार, सकाळी ७:४८

पुण्याच्या भुर्दंडाबद्दल लिहितो, कारण त्यावर कोणी आलंच नाही.

पुण्याचा विमानतळ आहे ते लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. आपण तिथले भाडेकरू. धावपट्टी साधारण २,५३५ मीटर, आणि भरलेलं मोठं विमान तिथून थेट न्यूयॉर्कला उडेल ही आशा सोडा. नवी टर्मिनल इमारत जुलै २०२४ पासून वापरात आली, छान आहे, मोठी आहे, पण इमारतीने धावपट्टी लांबत नाही. २००८ साली फ्रँकफर्टचं विमान सुरू झालं होतं, लुफ्तान्झाचं, छोटं आणि सगळं बिझनेस क्लास. चाकणच्या जर्मन कंपन्यांच्या साहेबांची सोय. आपल्यासारख्यांनी ते वर आकाशात बघायचं. ते आता नाही. डिसेंबर २०२२ ला विस्तारा कंपनीने सिंगापूर सुरू केलं, नोव्हेंबर २०२४ ला इंडिगोने दुबई आणि बँकॉक. बाकी बहुतेक जग अजून मुंबईमार्गेच. पुरंदरचा विमानतळ २०१६ पासून ऐकतोय, तिथल्या गावांचा विरोधही तेव्हापासून.

आता मुंबईचा हिशोब. विमान रात्री दोनचं. तीन तास आधी पोहोचायचं म्हणजे अकरा. रस्ता चार तासांचा, पण घाटात एखादा कंटेनर आडवा पडला तर काय, म्हणून आणखी दोन तास. म्हणजे पुण्यातून पाचला निघा. चांदणी चौकातली संध्याकाळ धरली तर साडेचार. गाडी चार हजारांच्या आसपास, शिवाय एक्सप्रेसवेचा टोल एका बाजूला ३२०. पोचवणारे सोबत असतील तर फूड मॉलला वडापाव-चहा वेगळा. दोघांच्या जाण्या-येण्याचा हिशोब केला तर दहा हजार उडतात आणि अजून कुणी ढगात गेलेलं नाही. माझ्या भाच्याचं दिल्लीहून फ्रँकफर्टचं विमान त्याला पुण्याहून मुंबई गाठण्यापेक्षा फक्त दुपटीने लांब वाटलं!

एक्सप्रेसवे नव्हता तेव्हा तर जुन्या घाटातून बारा तास आधी निघायचो. लोणावळ्याच्या पुढे ट्रकांची रांग, गाडीत पाहुणा घामाघूम, पोचवायला आलेल्या मंडळींच्या मात्र गप्पा आणि चिवडा चालू.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबरला सुरू झालाय. सुरुवातीला देशांतर्गतच. तिथून परदेशी विमानं सुरू झाली की पुणेकराचे दीड-दोन तास वाचतील, कारण पनवेलच्या पुढची मुंबईची वाहतूक टळेल. लोहगावला तोवर ठणठणाट. त्या बिबट्याचंच बघा, एप्रिलमध्ये विमानतळाच्या आवारात दिसला तो डिसेंबरपर्यंत तिथेच. त्यालाही कनेक्टिंग मिळालं नसणार.

चकलीवाला | सकाळी ८:१०

बिबट्या :D :D

पेठकरीण | सकाळी १०:२२

आता माझा विषय. सामान.

अमेरिकेला पूर्वी बत्तीस किलोच्या दोन बॅगा नेता यायच्या, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. माझ्या सासूबाई पहिल्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा पाटा सोडून सगळं नेलं होतं. मग तेवीस किलोच्या दोन झाल्या. आता युरोपला काही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त तिकिटात चेक-इनची बॅगच नसते, तिचे पैसे वेगळे.

त्यामुळे घरोघरी तो लटकवायचा काटा आलाय. आमच्याकडे हे बॅग हुकला अडकवून दोन्ही हातांनी उचलतात, मी खाली बसून आकडा वाचते. तेवीस पूर्णांक आठ. मग भाजणीचा अर्धा किलो बाहेर. पुन्हा उचल. तेवीस पूर्णांक तीन. मग भांडण. (लेकीला दोन स्वेटर कमी चालतील की मेतकूट कमी चालेल? तिला विचारलं तर म्हणे मेतकूट ठेवा.) शेवटी एक चपलांचा जोड माझ्या पर्समध्ये.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लिहून ठेवा: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत घालू नका. तेलामुळे आपोआप पेट घेणाऱ्या मालात धरतात ते. गेल्या खेपेला माझ्या पुढच्या आजींच्या बॅगेतून काढून घेतलं, त्या बिचाऱ्या सांगत होत्या, "अहो, देवाला दाखवलेलं आहे." तूप, लोणचं केबिन बॅगेत नको. २००६ ला लंडनहून निघणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवायचा कट पकडला, तेव्हापासून हे शंभर मिलीचं शुक्लकाष्ठ मागे लागलंय.

शहाणे, आकड्यात मांडा की हे. भावाच्या १९९३ च्या तिकिटात चौसष्ट किलो होते. तुम्हाला आज दाखवताहेत त्यात किती?

उंटावरचा_शहाणा | सकाळी १०:४०

एकात दोन बॅगा, शेहेचाळीस किलो. दुसरं सहा हजारांनी स्वस्त आहे, त्यात एकच बॅग आणि खुर्ची निवडायचे वेगळे. हेच तर मी म्हणत होतो, आधीचं सगळं तुकड्या-तुकड्याने विकायला काढलंय.

कूपनवाला | दुपारी १:१५

तीस वर्षं तिकिटं विकली, आता निवृत्त. थोडं आतलं सांगतो.

लाल कार्बनची ती पुस्तिका आठवते का? प्रत्येक टप्प्याचं एक कूपन, काउंटरवर फाडून घेत. हरवलं की बाँड लिहून द्या. परतीच्या आधी बहात्तर तास फोन करून "मी येतोय" असं कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. १ जून २००८ पासून आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, कागदी तिकीट बंद केलं. त्याच सुमारास आमचं कमिशनही संपलं. आधी नऊ टक्के, मग पाच, मग शून्य. कमिशन वाचलं म्हणून गिऱ्हाइकाचं भाडं उतरलं असं मला तरी दिसलं नाही.

शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांच्या भाड्यात दुप्पट फरक तेव्हाही असायचा, आजही असतो. एकाच इकॉनॉमीत डझनभर वर्ग असतात, स्वस्तातल्या जागा संपल्या की पुढचा उघडतो. तेव्हा हे एजंटला दिसायचं, तुम्हाला नाही. आता तुम्हालाही दिसतं, म्हणून रात्री झोप लागत नाही, एवढाच फरक.

खुर्च्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. बोइंग ७७७ आलं तेव्हा बऱ्याच कंपन्या एका रांगेत नऊ माणसं बसवायच्या, आता बहुतेक ठिकाणी दहा. ७८७ तर आठ जणांच्या आरामाच्या हिशोबाने दाखवलं होतं, बसवतात नऊ. विमान तेवढंच, कोपर कुणाच्या बरगडीत जातं ते बघा. तुमच्या १९९३ च्या भाड्याशी तुलना करताना ही दहावी खुर्ची धरा.

टेस्टर म्हणतात ते कोरोनानंतरचं चढणंही खरं. त्याची कारणं सरळ आहेत. विमानंच कमी आहेत. बोइंग, एअरबस दोघांकडे वर्षानुवर्षांच्या ऑर्डरी तुंबल्यात, आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या दोषामुळे आपल्याकडची कितीतरी विमानं जमिनीवर बसली. त्यात पाकिस्तानचं आकाश २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना बंद. लांबचा वळसा, जास्त इंधन, मध्ये थांबा. एअर इंडियाने सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन बंदच केलं. आखाती कंपन्यांनी जागा वाढवाव्यात म्हणाल तर दोन देशांच्या करारात आकडा ठरलेला असतो. दुबईसाठी तो आठवड्याला पासष्ट हजारांच्या आसपास आहे आणि कित्येक वर्षं तिथेच अडकलाय. गिऱ्हाईक वाढलं, जागा नाही. मग भाव कोण पाडेल?

लंडनस्थ_लोणावळकर | दुपारी ४:३७

इकडची बाजू. तिकिटात भाडं किती आणि कर किती ते कधी उलगडून बघा. ब्रिटनने १९९४ ला विमानप्रवाशांवर कर बसवला तेव्हा लांबच्या प्रवासाला दहा पौंड होता. एप्रिल २०२५ ला तो लंडनहून भारतात यायला इकॉनॉमीतसुद्धा नव्वद पौंड झाला. चौघांचं कुटुंब दिवाळीला निघालं की... नशीब, सोळाच्या खालच्या मुलांना इकॉनॉमीत माफ आहे. तुमचं तिकीट पुण्यातून काढलेलं असलं तरी परतीला लंडन सोडताना हा कर त्यात असतोच.

व्हिसाही त्यात धरा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) २०२० ला ऐंशी युरो झाला, जून २०२४ पासून नव्वद. अमेरिकेचा १६० डॉलरचा १८५ झाला २०२३ ला.

तिरसट_काका | संध्याकाळी ५:०५

आमच्या वेळी ब्रिटनला जायला व्हिसा लागायचाच नाही. बसा मोजत.

टेस्टर_बाणेर | संध्याकाळी ५:४०

अनुभवाबद्दल एक चांगलंही लिहूया की. भारतात परत येताना ते विमानात पेन शोधत भरायचं कार्ड २०१४ ला गेलं, जातानाचं २०१७ ला. मुंबईला आता नोंदणी केली असेल तर इमिग्रेशनला यंत्राच्या फाटकातून जाता येतं, जानेवारी २०२५ पासून. अमेरिकेने गेल्या जुलैत बूट काढायला लावणं बंद केलं. आईबाबा जातात तेव्हा नकाशावर विमान कुठे आहे ते मला हिंजवडीत बसून दिसतं. काकांच्या घरच्यांना काय, पोहोचल्याची तार येईपर्यंत देव पाण्यात.

पण मी एक शिकवण पैसे मोजून घेतलीये, ती शहाण्यांच्या उपयोगाची. दोन वर्षांपूर्वी पुणे-दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्लीहून पुढचं दुसऱ्या कंपनीचं, अशी वेगवेगळी तिकिटं काढली, अकरा हजार वाचले म्हणून खूश. पुण्याचं विमान साडेचार तास उशिरा सुटलं. पुढचं गेलं. पुढच्या कंपनीने हात वर केले, पहिलीने माफीचा मेसेज पाठवला. नवं तिकीट त्याच दिवसाच्या भावाने घ्यावं लागलं.

कूपनवाला | संध्याकाळी ६:०२

हेच मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचो. एकाच पीएनआरवर सगळे टप्पे असतील तर उशीर झाला तरी पुढे पोहोचवायची जबाबदारी त्यांची. वेगळी तिकिटं काढलीत की तुम्ही तुमचे. दोघांचं वय लक्षात घेता शहाण्यांनी मुंबईहून थेट, नाहीतर एकाच तिकिटावर एक थांबा, एवढंच बघावं. सहा हजारांसाठी बॅग सोडू नका, विमानतळावर भरायला गेलात तर दुप्पट जातील.

आणि "मंगळवारी रात्री स्वस्त मिळतं", "ब्राउझरचा इतिहास पुसा" यातलं काही खरं नाही. मे महिना आहे, भारतातल्या शाळांना सुट्टी आणि तिकडे पदवीदान. आत्ता आहे तोच भाव चांगला समजा.

लोहगावकर | संध्याकाळी ६:२०

परतीचं विमान मुंबईत पहाटे उतरेल असं बघा. एक्सप्रेसवे तेव्हा मोकळा असतो, आणि नाश्त्याला घरी.

उंटावरचा_शहाणा | रात्री ९:३३

थेट विमानाची, दोन-दोन बॅगांची तिकिटं आत्ताच काढली. दोघांचे मिळून दोन लाख एकतीस हजार. वहीत नोंद केली, तारखेसकट.

तरी मी म्हणतो, काकांच्या मामांना कर्ज काढावं लागलं, माझ्या वडिलांना हप्ते, मी क्रेडिट कार्डावर काढून आज जेवायला बाहेर गेलो.

टेस्टर_बाणेर | रात्री ९:४१

क्रेडिट कार्ड म्हणजे कर्जच हो. :)

चकलीवाला | रात्री ९:५०

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न राहिलाच: डिंकाचे लाडू नेता येतात का? खोबरं किसून घातलेलं आहे.

पेठकरीण | रात्री १०:०४

मी दरवर्षी नेते, चेक-इनच्या बॅगेत, कधी कोणी काढले नाहीत. अडवतात ते अख्ख्या वाट्यांना. तरी निघण्याआधी कंपनीला विचारा. आणि अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं आहे का विचारलं तर सरळ हो म्हणा, लपवलं तर दंड. डबा मात्र बॅगेत वरच ठेवा, उघडून बघायला लावतात.